थंडीचा बहाणा

बोरीच्या बाजारपेठेत शिवरुद्र अप्पांचं किराणा दुकान आहे. माप चोख, बोलणं मऊ, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. सकाळची लिंगपूजा झाल्याशिवाय दुकानाचं शटर वर जात नाही. गावात त्यांच्या नावानं बोटं मोडणारा माणूस सापडायचा नाही. अशा माणसानं आयुष्यात एकच मोठी लबाडी केली, आणि ती गिऱ्हाइकाशी नाही, पोटच्या पोरीशी केली.

पोरीचं नाव शिवरंजनी. घरात सगळे रंजू म्हणत. परभणीला बी. ए. झाली आणि पोलीस भरतीच्या मागे लागली. लेखी परीक्षेची तिला कधी धास्ती नव्हती. गणितं तोंडी सोडवायची. घोडं अडायचं ते पळण्यात. मुलींना आठशे मीटर पळावं लागतं आणि तिथं सेकंदासेकंदावर मार्क जातात. परभणीच्या क्लासमधल्या मॅडमनी तिला बजावून सांगितलं होतं, "थंडीत सगळ्या पोरी अंथरुणात ऱ्हातात. तू तेव्हा पळ. एकदा खाडे पडायला लागले की पाय ऐकत न्हाईत."

पण पळायचं कुठं आणि कधी? उजाडल्यावर रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, आणि चौकात चहाचा कप धरून बघत उभी असलेली माणसं. अंधारात पोरीनं एकटं जायचं म्हणजे आई महानंदाच्या जिवाला घोर. तेव्हा अप्पाच आपणहून म्हणाले, "मी येतो की तुझ्यासंगं. मी असल्यावर काय भ्यायचं?"

दिवाळी झाली आणि दोघं बाप-लेक पहाटे पाचला कौसडीच्या रस्त्याला लागले. पहिले चार दिवस अप्पा मागून स्कूटरच्या उजेडात यायचे. पाचव्या दिवशी रंजू थांबली.

"अप्पा, धूर नाकात जायलाय. तुमी गाडी घरी ठिवा."

"मंग मी काय पळू का तुझ्यासंगं?"

"पळा की. कोण बघायलंय?"

आणि अप्पा खरंच पळाले. त्रेपन्नाव्या वर्षी, धोतर सोडून पुण्याला असलेल्या लेकाची जुनी पँट घालून. चाळीस पावलांत दम लागला आणि दोघं रस्त्याच्या कडेला बसून इतके हसले की शेतात पाण्याची पाळी धरून बसलेल्या माणसानं बॅटरी मारून बघितलं. मग अप्पांनी वीज उपकेंद्राच्या फाटकापासून पुलापर्यंत आठशे मीटर अंतर मोजून घेतलं. ती धावायची, ते पुलावर मोबाइल धरून सेकंद मोजायचे. पहिल्या दिवशी तीन मिनिटं चौतीस लागले. डिसेंबर लागला तेव्हा ती तीन मिनिटं दोनवर आली होती. "अजून बारा सेकंद, अप्पा, मंग पुरे मार्क," ती गुडघ्यावर हात टेकून म्हणाली. अप्पांना वाटलं, बारा सेकंद म्हणजे काय, चुटकी. त्या महिन्यात ते जितके सुखी होते तितके आधीही नव्हते आणि नंतरही झाले नाहीत.

मग थंडी पडली. परभणीची थंडी ज्यानं सोसली त्यालाच ठाऊक. पारा सहावर आला, एक दिवस पाचवर. पुलावर उभं राहिलं की तुरीच्या रानातून येणारा वारा कानात सुया टोचायचा. पळणारीचं अंग तापतं, उभं राहणाऱ्याचं गोठतं. अप्पा पहिल्यांदा म्हणाले, "रंजू, आज राहू दे, धुकं लय हाय." दोन दिवसांनी म्हणाले, "आज बाजार हाय, माल लावायचाय."  दारात बूट घालून उभी असायची, ती खाली बसून नाड्या सोडायची. वाकळीत पडल्या पडल्या अप्पांना ते ऐकू यायचं, आणि मनात यायचं, उद्या नक्की.

जानेवारीत एका पहाटे ती खाटेशेजारी येऊन बसली. "अप्पा, दीड महिना ऱ्हायलाय. एवढा दीड महिना चला. मंग कधी उठवणार न्हाई."

अप्पांना लाज वाटली. थंडी वाजते, उठवत नाही, एवढं साधं सांगायची लाज. आणि त्या लाजेपायी तोंडातून निघून गेलं, "रंजू, थंडीत गेलं की छातीत कळ यायलीय. तुला सांगितलं न्हाई, भिशील म्हणून."

ती पांढरीफटक पडली. त्याच दिवशी क्लासची सराव चाचणी सोडून तिनं अप्पांना परभणीच्या दवाखान्यात नेलं. ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं. डॉक्टरांनी अप्पांना एकट्याला आत घेऊन सांगितलं, "काका, हृदय चांगलं आहे. रोज चालत जा." अप्पा बाहेर आले. ती बाकावर पर्स घट्ट धरून बसली होती. तिथं तरी खरं सांगायचं. पण ते म्हणाले, "थंडीत बाहेर पडू नका म्हणलेत."

"एवढंच ना?" ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मंग काय हरकत न्हाई. पळायचं माझं मी बघते."

तिचं तिनं काय बघायचं होतं? भाऊ पुण्याला कंपनीत. मैत्रिणींची लग्नं झालेली. ती अंगणात दोरीवरच्या उड्या मारायला लागली. रोज पहाटे अप्पांना फरशीवर दोरीचा आवाज यायचा आणि ते कूस बदलायचे. एकदा महानंदानं विचारलं, "खरंच दुखतं का हो तुमचं?" त्यावर ते इतके तडकले की तिनं पुन्हा विषय काढला नाही.

फेब्रुवारीच्या अखेरीस मैदानी चाचणी झाली. अप्पा मैदानाच्या कुंपणाबाहेर उभे होते. पहिल्या फेरीत ती चौथी होती. दुसऱ्या फेरीत तिचे पाय जड झाले, ते लांबूनही दिसलं. एकेक पोरगी तिला मागं टाकून गेली. तीन मिनिटं अकरा. लेखीत तिनं भरून काढायची शिकस्त केली, पण यादी लागली तेव्हा ती दोन मार्कांनी बाहेर होती.

त्या संध्याकाळी तिच्या क्लासमधली मनिषा घरी आली होती. तिची निवड झाली होती. अप्पा दुकानातून येऊन ओसरीवर पाय धूत होते, तेव्हा आतलं बोलणं कानावर पडलं.

मनिषा म्हणत होती, "तू तर माझ्यापुढं पळायचीस की डिसेंबरात. सोडलंस कशाला?"

"अप्पांच्या छातीत दुखायचं गं थंडीत," रंजू म्हणाली. "नोकरीपायी बापाला पुलावर उभं करू का?"

अप्पांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. आत जावं, सांगावं, असं त्यांना वाटलं. पण पाहुणी होती. मग पाहुणी गेली, तर जेवणं व्हायची होती. मग जेवणं झाली.

पुढची भरती निघायच्या आत सेलूचं स्थळ आलं. मुलगा बसवेश्वर, खतांचं दुकान, माणसं चांगली. रंजू नको म्हणाली नाही. "एकदा बघितलं की पळून," एवढंच म्हणाली. लग्न झालं, मुलगी झाली. सेलूच्या एका शाळेत ती आता गणित शिकवते. दर हिवाळ्यात तिचा फोन यायचा. "अप्पा, मफलर बांधा. उजाडल्याबिगर बाहेर पडू नका." आणि दर वेळी अप्पा "हो" म्हणायचे.

गेल्या संक्रांतीला ती माहेरी आली होती. दुपारी महानंदा शेजारी वाण घेऊन गेली होती, लहानगी झोपली होती. अप्पांनी सगळं सांगितलं. थंडीचं, लाजेचं, डॉक्टर खरं काय म्हणाले त्याचं. सांगताना त्यांना वाटत होतं, ती रडेल, नाही तर रागानं काही बोलेल.

ती मुलीच्या अंगावरचं पांघरूण नीट करत राहिली. मग म्हणाली, "मला वाटायचं, मी तुमच्यासाठी सोडलं. त्याचं बरं वाटायचं, अप्पा."

अप्पांनी पांघरुणाचं दुसरं टोक ओढून सरळ केलं.

"आता कशाला सांगितलंत?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच सोसवेना.

मनावरचं ओझं उतरेल म्हणून त्यांनी सांगितलं होतं. ते ओझं आपण तिच्या डोक्यावर ठेवलं, हे त्यांना तेव्हा कळलं. दोन दिवस राहणार होती ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं गेली. जाताना वाकून नमस्कार केला, मुलीलाही करायला लावला.

या हिवाळ्यात अप्पांना पहाटे चारलाच जाग येते. पडून राहवत नाही, म्हणून ते कौसडीच्या रस्त्यानं चालत सुटतात. परतताना चौकात कुणीतरी म्हणतं, "अप्पा, या वयात, एवढ्या थंडीत? हिंमत लागते बुवा." अप्पा मान खाली घालतात आणि घराकडे वळतात. यंदा मफलरचा फोन आलेला नाही.