आपोआप उठणारा सर्व्हर आणि ताईंची पंधरा दिवसांची रजा

मुलुंडच्या एका धर्मादाय इस्पितळात मी कंत्राटी कॉम्प्युटरवाला होतो आणि कंत्राटी कामगारांची पत्रकंही मीच लिहायचो. तिथे केसपेपरच्या खिडकीवर एक ताई बसत. मूळच्या कणकवलीकडच्या. त्यांची लेक गावी, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले आणि जावई बोटीवर. ताईंनी पंधरा दिवसांची रजा मागितली. प्रशासक साहेबांनी अर्ज परत पाठवला. वर शेरा: ‘सर्व्हर कोण चालू करणार?’

माझं डोकंच फिरलं. वीज गेली की सर्व्हर बंद पडायचा. वीज आल्यावर यंत्र उठायचं, त्याची लिनक्स ही मूळ प्रणालीही उठायची, पण केसपेपरचा प्रोग्राम झोपलेलाच. तो हाताने उठवावा लागे, आणि ते फक्त ताईंना येत होतं. त्यांच्या नेमणूकपत्रात या कामाचा शब्द नव्हता. कुणीतरी एकदा शिकवलं आणि ते त्यांच्या गळ्यात पडलं.

मी पत्रक काढलं: ‘यंत्राच्या झोपेची शिक्षा माणसाला का?’ जिन्यात, लिफ्टजवळ, साहेबांच्या दारावरसुद्धा चिकटवलं. ताईंनी चष्मा लावून पूर्ण वाचलं.

“झकास लिवलंस. पण पत्रकान सर्व्हर चालू होतलो काय रे?”

लागलं मला ते. यंत्र सुरू होताना कोणता प्रोग्राम आपोआप उठवायचा, हे लिनक्सला एका छोट्या फाइलीत लिहून सांगता येतं. थोड्या ओळींचं काम. इतकी वर्षं कुणी केलं नाही, कारण ताई होत्या ना! मी ताईंकडे सर्व्हर चालू करायच्या पायऱ्यांचा कागद मागितला. त्यावर त्यांच्या अक्षरात तीन पायऱ्या होत्या: डेटाबेस, चहा, प्रोग्राम.

“चहा पण पायरी?” मी हसलो.

“हां मगे. तसाच शिकवल्यान माका.”

मी चहा गाळला आणि उरलेलं फाइलीत उतरवलं. शनिवारी ओपीडी संपल्यावर साहेबांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर यंत्र बंद करून चालू केलं. पडद्यावर केसपेपर काही येईना. नुसताच ‘एरर’चा संदेश.

“तू पत्रकंच लिही,” साहेब म्हणाले आणि निघून गेले.

ताईंनी प्रोग्राम हाताने चालू केला. लगेच चालला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “चहा खंय घातलंस?”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. डेटाबेस उठला, तरी जुन्या नोंदी तपासून उत्तर द्यायला त्याला काही मिनिटं लागत. तेवढ्यात ताई चहा पिऊन येत. माझा प्रोग्राम मात्र त्याच क्षणी दार ठोठावून, उत्तर न मिळाल्याने गार पडला होता. मी फाइलीत बदल केला: डेटाबेस उत्तर देत नाही तोवर थांब, मगच उठ. सोमवारी ओपीडीच्या आधी साहेबांना हाताला धरून आणलं. तीन वेळा बंद, तीन वेळा चालू. कीबोर्डला कुणाचं बोट लागलं नाही. तिन्ही वेळा केसपेपर समोर.

“म्हणजे आता ताईंची गरज नाही म्हणायची,” साहेब म्हणाले.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ताईच बोलल्या. “साहेब, सर्व्हर आपसून उठलो, पेशंटची नावां पण आपसून लिवतलो? खिडकीर तुमी बसतल्यात?”

साहेबांनी पेन काढलं आणि अर्जावर ‘आठ दिवस मंजूर’ लिहिलं. मी अर्ज परत त्यांच्यापुढे सरकवला.

“पंधरा मागितलेत. नाही म्हणायचं तर नवं कारण द्या, लेखी. पुढचं पत्रक त्यावरच काढतो.”

त्यांनी आठ खोडून पंधरा केले. बदली माणूस मात्र दिला नाही. तो द्यायलाच हवा होता, हे मी आजही म्हणेन. ताईंनी तिथेच लेकीला फोन लावला. “येतंय गो बाय, उद्याच निघतंय.” फोन ठेवला आणि मला खिडकीतल्या खुर्चीवर बसवलं. पहिल्याच सकाळी घाटकोपरहून आलेल्या एका आजीने मला झापलं, “हात चालव रे जरा, ती बाई कुठे गेली?”

“रजेवर,” मी म्हटलं. मोठ्याने. साहेबांच्या केबिनपर्यंत जाईल इतक्या मोठ्याने.