चार पिंपल आणि एक दुपट्टा

आधीच सांगतो, चहाचा कप खाली ठेवा. मागच्या खेपेस हा किस्सा सांगितला तर आमच्या कंपनीतल्या एकाले असा ठसका लागला का चहा नाकातून बाहेर आला. हसून झाल्यावर तो म्हणे, "पंकज, हे खरं आहे का बे?" आता काय सांगू तुम्हाले! खोटं असतं तर मी त्यात स्वतःले थोडातरी हुशार दाखवला असता ना?

तर मी धरमपेठेत खोली करून राहतो. एकटा. घर काटोलकडे, संत्र्याची बाग आहे, ती मोठा भाऊ पाहते. आईचा रोज संध्याकाळी फोन येते. "जेवला का?" "हाव." "काय जेवला?" "पोळी-भाजी." संपलं. कळमेश्वरच्या एमआयडीसीत पाइपाच्या कंपनीत मी स्टोअर सांभाळतो. दिवसभर सोबतीले पाइप. पाइप काही बोलत नाही. शनिवारी संध्याकाळी खोलीचं दार लावलं का सोमवार सकाळपर्यंत आईच्या फोनाशिवाय तोंडातून शब्द निघत नाही.

एका रविवारी तर आवाज चालू आहे का नाही, हे पाहायसाठी मी दूधवाल्याशी भांडलो. म्हटलं, दुधात पाणी टाकतोस तू! तो बिचारा माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. म्हणे, "भाऊ, तुम्ही बंद पाकीट घेता. त्यात मी पाणी कुठून टाकू?"

एवढ्या मोठ्या नागपुरात माझ्याशी रोज बोलणारं माणूस एकच होतं. मंजुषा.

ती कळमेश्वरच्या बसमध्ये बर्डीवरून बसायची, मी मधल्या स्टॉपवरून. तीही एमआयडीसीतच, मसाल्याच्या कंपनीत पॅकिंगले. उन्हाळ्याच्या सुरुवातीले एक दिवस बसमध्ये बम गर्दी होती, मी दांडीले लोंबकळत होतो, तर तिनं बाजूच्या सीटवरची बॅग उचलून मांडीवर घेतली. म्हणे, "बसा जी. बॅगचे काही पाय दुखत नाही."

दुसऱ्या दिवशी मी चढलो तर बॅग परत सीटवर, आणि मी आलो तशी उचलली. तिसऱ्या दिवशीही तेच! माझ्यासाठी कोणी जागा धरून राहिलं आहे, हे समजायलेच मले आठवडा लागला. सवय नव्हती ना.

मग काय, बोलणं सुरू. तिची सुपरवायझर कशी खडूस, मिरचीच्या दिवशी अख्खं डिपार्टमेंट कसं शिंकते, आमच्या कंपनीचा वॉचमन उभ्या उभ्या कसा झोपते. काही मोठं नाही. पण मी रात्री खोलीत बसून उद्या काय सांगायचं ते ठरवायचो.

आता नागपूरचं ऊन तुम्हाले माहीत आहे. एप्रिल लागला का सारं शहर तोंड बांधून फिरते. बाई असो का माणूस, दिसतात फक्त डोळे. मंजुषा पाणी प्यायले दुपट्टा काढायची, म्हणून तिचा चेहरा मी पाहिला होता. मी मात्र कधीच काढला नाही. बसमध्ये तहानेनं जीव गेला तरी नाही! ती मले "दुपट्टेवाले"च म्हणायची.

काहून नाही काढला? कारण गालावर चार पिंपल होते.

हसा, हसा. सत्ताविसाव्या वर्षी चार पिंपल! पण खोलीत आरशाशिवाय दुसरं कोणी नसलं ना, तर चाराचे चाळीस दिसतात. मी मनाशी पक्कं केलं होतं, आपल्याशी कोणी बोलत नाही ते याच्यामुळं. बोलते ती एकटी मंजुषा, आणि तिनं तर तोंडच नाही पाहिलं. म्हणजे हिशोब बरोबर बसला का नाही?

आणि एक दिवस ती म्हणाली, "मृग लागला का दुपट्टे उतरतील. मग तुमचं तोंड दिसंल ना एकदाचं? पाहू तरी आत कोण आहे."

ती हसली. मी दुपट्टा आणखी वर ओढला.

त्याच संध्याकाळी धरमपेठेतल्या स्किनच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी दिवा ओढला, भिंग घेतलं. मी डोळे मिटून घेतले.

"कुठे आहेत?"

"काय?"

"पिंपल."

"मॅडम, पूर्ण चेहऱ्यावर!"

"हं. तीन. हा चौथा डास चावलाय."

मी म्हटलं, "मॅडम, ती स्ट्राँगवाली गोळी द्या. कन्हानच्या माझ्या मावसभावाले देल्ली होती. त्याचा चेहरा आता काचेसारखा आहे."

त्यांनी चष्मा काढला. "भावाला किती होते?"

"बोरायेवढ्या गाठी होत्या. उशीले रक्त लागायचं. खड्डे पडले होते."

"मग त्याला बरोबर दिली. ती गोळी अशा लोकांसाठी असते, ज्यांना बाकी कशाने गुण येत नाही. रक्त तपासायचं, दर महिन्याला पेशंट पाहायचा, तेव्हा द्यायची. ओठ फुटतात, कातडी कोरडी पडते, सुरुवातीला पिंपल वाढतातही. तुमच्या तीन पुटकुळ्यांना ही ट्यूब पुरे. रात्री लावा, दोन-तीन महिने धीर धरा."

दोन-तीन महिने! इकडं मृग तोंडावर आलेला.

"तोपर्यंत पाऊस लागंल ना मॅडम!"

त्यांले पावसाचा आणि पिंपलचा संबंध काही लागला नाही. विचारलं, "चेहऱ्यावरून कोणी काही बोललं का तुम्हाला?"

"कोणी बोलतच नाही, मॅडम."

मी आपलं सरळ उत्तर दिलं. पण त्या लिहिता लिहिता थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "ट्यूब लावा. आणि लोकांत मिसळत जा." त्या क्षणी मले असं वाटलं का उठून पळावं. पळालो नाही, फी दिली आणि मग पळालो.

शहाणा माणूस असता तर ट्यूब लावून झोपला असता. पण मी म्हणजे अव्वल नंबरचा भैताड! रविवारी गाठलं कन्हान. मावसभाऊ प्रफुल्ल, त्याच्या डॉक्टरनं डोस बदलला होता म्हणून जुन्या गोळ्या कपाटात पडून होत्या. तो म्हणे, "तुले काहून पाहिजे? तुले कुठं आहे काही?"

"आतून आहे," मी म्हटलं.

"डॉक्टरनं लिहून देल्लं का?"

"हाव ना!" धडधडीत खोटं. त्यानं पाकिटं काढून देल्ली, वरून म्हणे, "रक्त तपासत जा गा. मजाक नाही ही." मी मान हलवली. मान हलवायले काय लागते?

आता पुढची गंमत ऐका. डॉक्टरबाईंनी जे जे सांगितलं होतं ते सारं झालं. ओठ असे फुटले का हसलो तर रक्त. नाकाच्या शेंड्यावरून पापुद्रे निघून राहिले. आणि पिंपल? तिनाचे अकरा! चौथा, डासवाला, तेवढा गेला होता.

बोलणंही होईना. मंजुषा विचारायची, "काहून जी, आज गप्प?" मी "हूं." "तब्येत बरी नाही का?" "हूं." "माझं काही चुकलं का?" आता ओठ फुटलेल्या माणसानं याले काय उत्तर द्यावं? मी परत "हूं" म्हटलं. तिनं खिडकीकडं तोंड केलं. माझा जीव असा तळमळला, सांगता सोय नाही.

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन आली. तर्री-पोहे, पोह्यावर लालभडक रस्सा. म्हणे, "तुमच्यासाठी आणले. आमच्या कंपनीचा मसाला आहे, सांभाळून खा."

माझ्यासाठी डबा! नागपुरात पहिल्यांदा! नाही कसं म्हणू? दुपट्ट्याखालून चमचा आत घातला, आणि तर्री बरोबर फुटलेल्या ओठाले लागली.

अरे बाप्पा रे!

डोळ्यासमोर काजवे. कानातून वाफा. आणि नेमकं त्याच टायमाले मंजुषा खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "खरं सांगू का, तुम्ही असले का रस्ता कधी सरते ते समजत नाही."

या शहरात मले कोणी एवढं चांगलं बोललं नव्हतं. आणि मी काय केलं? "ऊऊऊ!" करून बोंबललो, डबा तिच्या मांडीवर ठेवला, घंटी मारली आणि मधल्याच एका फाट्यावर उतरून पाण्यासाठी पळत सुटलो! बस निघाली तेव्हा मागं वळून पाहिलं. ती डबा धरून तशीच बसली होती.

संध्याकाळी परत डॉक्टरबाईंसमोर. त्यांनी दुपट्टा काढायले लावला, एकदा पाहिलं, आणि म्हणाल्या, "कुणी दिली?" मी सारं ओकलो. गोळी त्याच मिनिटाले बंद. रक्त तपासलं, नशिबानं ठीक निघालं. मग ओठाले मलम आणि तीच पहिलीवाली ट्यूब, जी माझ्या खोलीत सीलबंद पडून होती.

तोंड बरं होईपर्यंत मी आधीची बस धरली. कोणत्या तोंडानं जाणार होतो तिच्यासमोर? एकटाच खिडकीशी बसायचो आणि वॉचमनची एखादी नवी गंमत झाली का ती कोणाले सांगावी, असं व्हायचं. सांगायले कोणी नव्हतं.

पण दोन महिन्यांत ट्यूबनं काम केलं. ढग आले, ऊन उतरलं, दुपट्टे उतरले, आणि एक दिवस आरशात पाहतो तर गाल साफ! दुपट्ट्याशिवायही मी छान दिसून राहिलो होतो. मी आरशासमोर तालीम केली. चढायचं, हसायचं, म्हणायचं, "ओळखा पाहू!"

नेहमीच्या बसमध्ये चढलो. ती तिथंच. बाजूच्या सीटवर बॅग. मी समोर जाऊन उभा राहिलो. ऐन टायमाले "ओळखा पाहू" विसरलोच. मी नुसतं सीटकडं बोट केलं.

तिनं मले वरपासून खालपर्यंत पाहिलं. "इथं माणूस येणार आहे. तुम्ही मागं जा, भाऊ."

भाऊ!

मी मागं गेलो. टायरवरच्या सीटवर बसलो. म्हटलं, झालं, पाहिलं तिनं तोंड आणि दिला निकाल. म्हणजे पिंपल गेले तरी भागलं नाही, चेहराच नापास! आणि तो येणारा "माणूस" कोण? कोणी तरी नवीन धरला असंल. आठवडाभर मी त्याच बसमध्ये मागं बसून त्या मेल्याची वाट पाहिली. येईच ना! प्रत्येक स्टॉपवर ती खिडकीतून वाकून पाहायची, परत बॅग नीट ठेवायची. मी त्या रिकाम्या सीटकडं टक लावून बसायचो.

शेवटी एक दिवस तिकीट काढता काढता कंडक्टरले विचारलंच, "त्या ताईच्या बाजूले कोण बसते?"

"अरे, काय सांगू भाऊ! उन्हाळ्यात एक दुपट्टेवाला होता. त्यानं बसणं सोडलं, पण हे बाई रोज त्याची जागा धरते. माझ्याशी भांडते, पब्लिकशी भांडते. म्हणते, येईल तो."

डोळे भरून आले, खोटं काहून बोलू. एवढे दिवस मी ज्याच्यावर जळून राहिलो होतो, तो मीच होतो!

दुसऱ्या दिवशी काय केलं असंल मी? नुसतं जाऊन "मी पंकज" म्हणायचं होतं. दोन शब्द! पण नाही. मी दुपट्टा काढला, धुतलेला, आणि तोंडाले करकचून बांधला.

सारी बस उघड्या तोंडानं बसली होती, बाहेर ढग, आत नुसता दमट उकाडा, आणि मी एकटा गुंडाळलेला. पण तिनं दारातूनच पाहिलं आणि बॅग उचलली.

"आले का जी! कुठं गेले होते? मले वाटलं, माझ्या तर्रीनं पळवलं तुम्हाले."

"दातदुखी होती," मी म्हटलं. डॉक्टर, गोळ्या, काहीच सांगितलं नाही. सांगायचंच होतं. दुपट्ट्याच्या गाठीले हात लावला होता मी, देवाशपथ! तेवढ्यात ती जवळ सरकून हळूच म्हणाली,

"बरं झालं तुम्ही आले. एक पोट्टा आहे बसमध्ये. मागं टायरवर बसते. आठवडाभर माझ्याकडं अस्सा पाहून राहिला होता ना, मले तर भ्याच वाटत होतं."

माझा हात गाठीवरच राहिला.

"दिसायले कसा आहे?" मी विचारलं. विचारल्याशिवाय राहवलंच नाही!

"दिसायले चांगला आहे. चेहरा एकदम साफ, एक डाग नाही. पण चेहऱ्याले काय करता? नजर खराब आहे मेल्याची." तिनं वळून मागं पाहिलं. "आज दिसून नाही राहिला. तुम्हाले पाहून पळाला असंल."

"हाव," मी म्हटलं, आणि गाठ आणखी घट्ट केली. "तुमच्यासमोर यायची हिंमत नाही त्याच्यात."