बंद यंत्राची थरथर

मधुमेहामुळे दरवर्षी पायांच्या नसा तपासायला मी वर्ध्याला जातो. थरथरणारे यंत्र टेकवणारा तंत्रज्ञ नेहमी तोच असतो. तीनदा मोजल्याशिवाय तो आकडा लिहीत नाही, म्हणून मला तो आवडतो.

यंदा डॉक्टरांनी लिंगाचीही तपासणी लिहून दिली. दोन वर्षे ताठरता येत नव्हती. नसा गेल्या का, ते पाहायचे होते.

पडद्याआड तो नेहमीच्याच आवाजात म्हणाला, “डोये मिटा. थरथर जानवली का सांगा.”

यंत्राचे टोक टेकताच मी म्हणालो, “जाणवली!”

“काऊन घाई करून राह्यले भाऊ? मशीन तं बंद हाय.”

“मग टेकवली कशाला?”

“पायाची तपासनी असली का सारे खरं बोलतात. इथं नाई बोलत. म्हनून पयले बंदच टेकवतो.”

मी ओशाळलो. तो हसला नाही. नंतर त्याने थरथर शून्यापासून एकेक आकडा वाढवत नेली; मी मात्र जाणवल्यावरच बोललो.

“तिन्ही खेपेले सहा,” तो म्हणाला. “आकडा कमी, म्हंजे नस चांगली. डॉक्टर आता दुसरं कारन शोधतीन.”

बाहेर बाकावर बायको बसली होती. दोन वर्षांत या विषयावर आम्ही अवाक्षर काढले नव्हते. भर रांगेसमोर मी तिला मोठ्याने सांगितले, “सहा! तिन्ही वेळा सहा!”