प्रमिलाच्या खांद्यावरचा वळ

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. चार वर्षं झाली. तुम्हाला का सांगतेय, तेही मला नीट ठाऊक नाही.

चव्वेचाळिसाव्या वर्षी मला पोहायचा नाद लागला. नाद तरी कसला — ऑफिसातल्या दोघी जायच्या, म्हणून मीही जळगावातल्या एका तलावावर नाव घातलं. शिकवणारे आबा साठीचे, शांत. त्यांनी मला चार दिवस कठड्याला धरून फक्त श्वास सोडायला लावलं. "ताई, आधी पाण्यावर नुसतं पडून राहायला शिका. हातपाय मागून." शेजारून सात-आठ वर्षांची मुलं सपासप निघून जायची आणि मी आपली बुडबुडे काढत उभी! लाज वाटायची. पाचव्या दिवशी मी गेले नाही. पुन्हा कधीच गेले नाही.

पण टोपी-चष्म्यातला फोटो मी घरच्या ग्रुपवर आधीच टाकला होता. सगळ्यांनी कौतुक केलं. "शिकलीस का गं?" असं सासूबाईंनी फोनवर विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "हो, झालं की." एवढंसं खोटं. कुणाचं काय बिघडणार होतं?

माझी धाकटी जाऊ प्रमिला सावद्याला मळ्यात राहते. केळीच्या बागेला पाणी द्यायला दिरांनी शेततळं केलंय — दोन पुरुष खोल, आतून काळा प्लास्टिकचा कागद. त्या मे महिन्यात आम्ही तिकडे गेलो होतो. दुपारी पुरुषमंडळी लग्नाला रावेरला गेलेली, सासूबाई आणि मुलं घरात झोपलेली. उकाडा असा की अंगाची लाही व्हावी. प्रमिला म्हणाली, "अक्का, तुम्हाले पोहता येते ना? दाखवा ना मले."

नाही म्हणता आलं असतं. का म्हटलं नाही?

काठावरच्या खुंट्याला बांधलेला दोर धरून मी उतरले. कंबरभर पाण्यात पाय झाडले, थोडं पाणी उडवलं. तिला तेही भारी वाटलं. तिचे डोळे — अजून दिसतात मला. मग मीच म्हणाले, "ये की तूही."

"मले भेव लागते व अक्का."

"मी आहे ना. मी धरते तुला."

माझ्याच तोंडचे शब्द आहेत हे.

ती उतरली. तो कागद शेवाळानं बुळबुळीत झालेला, त्यावर पाय ठरतच नाही. दुसऱ्या पावलाला ती घसरली आणि तिनं मला मिठी मारली. माझ्या हातातला दोर सुटला. आम्ही दोघी उतारावरून खोलात गेलो. नाकातोंडात पाणी. आबांचं ते — श्वास सोडा, अंग सैल सोडा — काही म्हणजे काही आठवलं नाही. आठवण्यासारखं मी शिकलेच कुठे होते?

आणि मग —

तिची मिठी मी सोडवली. बोटं पिरगाळून सोडवली. ती खाली जात होती आणि मी तिच्या खांद्यावर पाय दिला. चुकून लागला नाही. खाली काहीतरी टणक आहे, त्यावर जोर दिला तर आपण वर जाऊ — एवढं मला कळत होतं. ती प्रमिला आहे, हेही कळत होतं. मी जोर दिला. वर आले. दोर धरला. आणि मग ओरडले.

मळ्यातले सालदार नथूभाऊ बागेतून धावत आले, कपड्यांनिशी उडी टाकून त्यांनी तिला वर आणलं. तोवर मी एका हातानं दोर धरून दुसरा हात पाण्याकडे लांब केला होता. त्यांनी पाहिलं ते एवढंच.

जळगावच्या दवाखान्यात ती नऊ दिवस होती. फुप्फुसात पाणी गेलेलं. शुद्धीवर आल्यावर सगळ्यांसमोर म्हणाली, "मले एवढंच आठवते, अक्कानं खांद्याले घट्ट धरलं होतं. म्हणून मी वाचली." खांद्यावर काळानिळा वळ होता. तो तिनं सासूबाईंना दाखवला. सासूबाईंनी माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मी खाली बघत राहिले, तर लोकांना तो माझा नम्रपणा वाटला.

तेव्हाच बोलता आलं असतं. पुढच्या दिवाळीत आलं असतं. प्रत्येक दिवाळीत आलं असतं.

यंदा उन्हाळ्यात तिची मुलगी रुची — अकरा वर्षांची — माझ्याकडे राहायला आली. तिला पोहायला शिकायचं होतं. मी म्हटलं, आबांकडे घालते. प्रमिलाचा फोन आला: "नाही अक्का. दुसऱ्या कोणाच्या भरवशावर मी तिले पाण्यात सोडणार नाही. तुम्ही शिकवणार असाल तरच."

खरं बोलायचं होतं. मी म्हणाले, "अगं, माझा खांदा धरलाय. यंदा नाही जमायचं."

रुची पंधरा दिवस टीव्ही बघत बसली आणि परत गेली. तिच्या घराच्या मागच्या दारातून ते शेततळं दिसतं. तिला पोहता येत नाही. का येत नाही, हे फक्त मला माहीत आहे.