दौलताबादची अंधारी आणि उन्हात वाळवलेले सेल

एसटीनं कराड सोडलं तेव्हा माझ्या मांडीवर काकवीची बाटली होती आणि पिशवीत, रुमालात गुंडाळलेली, टॉर्च. काकवी अक्काच्या सासरसाठी, टॉर्च खास अक्कासाठी. मोबाईलमध्ये उजेड यायच्या आधीची ही गोष्ट. तीन रिचार्जेबल सेलची ती टॉर्च मी मोठ्या हौसेनं घेतली होती आणि गल्लीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर मारून झाली होती. बायको म्हणाली, "बहिणीकडं चाललाय की वाघाच्या शिकारीला?"

चाललो होतो दौलताबादला. अक्का नवी नवरी असताना सासरची सगळी मंडळी वेरूळच्या देवाला गेली, तेव्हा वाटेत किल्ला पाहिला. या किल्ल्यात अंधारी आहे. अंधारी म्हणजे डोंगर पोखरून केलेला काळाकुट्ट, वळणावळणाचा चढ. वाटाड्यानं निम्म्या वाटेत गंमत म्हणून मशाल विझवली, आणि अक्का किंचाळत जी उलटी पळाली ती थेट खंदकापाशी. झालं! तेव्हापासून तिच्या सासूबाई प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात हा किस्सा रंगवून सांगतात. आता अक्काच्या पोरीचं लग्न ठरलं होतं. फोनवर अक्का म्हणाली, "बाळ्या, नव्या विहीणबाईंपुढं पुन्हा तेच ऐकायचं का रे मी? गुडघे चालतायत तोवर अंधारी पार करायचीय मला. मशाल नको, ती विझवतात. तुझी ती चार्जिंगची टॉर्च आण." आवाज रडवेला होता. मी लगेच तिकीट काढलं.

औरंगाबादला उतरलो तेव्हा ऊन असं की स्टँडवरचा बाकडासुद्धा बसू देईना. दाजी स्कूटर घेऊन आले होते. पुंडलिकनगरातल्या घरी पोचताच अक्कानं धपाटे (ज्वारीच्या पिठाचं तिखट थालीपीठ) आणि दही पुढं ठेवलं. सासूबाई खाटेवर बसून माझं खाणं न्याहाळत होत्या. मी त्यांना मावशी म्हणतो. तिसरा धपाटा संपायच्या आत त्यांनी सुरू केलंच. "तुझी बहीण लई भित्री बघ. आमी त्या वर्साला किल्ल्यात गेलो..." अक्का उठून आत गेली. भांड्यांचा आवाज जरा जास्तच यायला लागला.

रात्री मी सेल चार्जरला लावले आणि सगळ्यांसमोर भाषण ठोकलं, की आपले साधे सेल मरताना पिवळे पडतात, हे शेवटपर्यंत टकाटक उजेड देतात. दाजींनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी मी दाजींबरोबर लग्नाच्या खरेदीला गुलमंडीवर हिंडलो. संध्याकाळी गच्चीवर गेलो तर काय बघतो, चटईवर कुरडया, आणि कुरडयांच्या कडेला ओळीनं माझे तीन सेल!

"अक्का! हे काय केलंस?"

"सकाळपासून ठेवलेत. आई नाही का ठेवायची रेडिओचे सेल उन्हात? जोर येतो त्यांना. म्हटलं, उद्या कमी पडायला नकोत."

सेल भाजलेल्या शेंगांइतके गरम होते. साध्या सेलांना ऊन दाखवलं की घटकाभर तरतरी येते, हे खरं. पण रिचार्जेबलचं उलट असतं. उष्णतेनं त्यांचा चार्ज गळतो, जीवही कमी होतो. हे मला ठाऊक होतं. पण ती इतक्या मायेनं बघत होती की माझी जीभच उचलेना. शिवाय पिशवीत जादा संच होता की! दिवाळीत चार्ज केलेला. म्हणून हे पुन्हा चार्जरला लावलेच नाहीत.

सकाळी भाड्याच्या जीपमधून आम्ही चौघं निघालो. पडेगाव मागं पडलं आणि तो ताठ, तासून काढलेला डोंगर दिसला. अक्का मान बाहेर काढून पार वरपर्यंत बघायला लागली. दाजींचं कंबरेचं दुखणं आणि मावशींचं वय, म्हणून दोघं खालीच लिंबाच्या सावलीत डबा घेऊन बसले. खंदकाचा पूल ओलांडून आम्ही बहीणभाऊ अंधारीच्या तोंडाशी आलो. तिथं एक वाटाड्या बसला होता.

"मशाल लेको चलो साब, अंदर बहोत अंधारा हय."

"हमारे पास सूरज है," मी ऐटीत म्हणालो आणि त्याच्या तोंडावर झोत टाकला. तो डोळे चोळत हसला. मला तेव्हा फार भारी वाटलं.

आत गेलो. वटवाघळांचा उग्र वास, पायऱ्या एक बुटकी तर एक उंच. मंद उजेडाचं बटण होतं, पण मी कसला ऐकतोय! सगळा झोत पूर्ण सोडून छत दाखव, भिंत दाखव, असं चाललं होतं. अक्का माझ्या मागं, भिंत चाचपत. "चांगला उजेड आहे रे," ती म्हणाली. दोन वळणं झाली, आणि टॉर्च गेली.

मिणमिणली नाही, पिवळी पडली नाही. गेली! शेवटपर्यंत टकाटक, हे मीच सांगितलं होतं ना? मी अंधारात झाकण उघडलं, जादाचे सेल घातले, बटण दाबलं. काही नाही. दिवाळीपासून नुसते पडून तेही आपोआप रिकामे झाले होते. डोळ्यांसमोर हात धरला तर हात दिसेना. डोक्यावरून काहीतरी फडफडत गेलं आणि मी, खोटं कशाला सांगू, ओरडलो.

"अक्का, परत फिरू."

तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता, भराभर. वाटलं, आता ही पळणार, पडणार, आणि लेकीच्या लग्नात प्लास्टर घालून बसणार.

"बाळ्या," ती म्हणाली, "मागं जाऊन काय हाय? तेच ऐकायचंय ना पुन्हा?" माझ्या अंगाला घासून ती पुढं झाली. "माझा पदर धर. अन् गप नको राहू, बोलत राहा."

मी धरला. काय बोललो देव जाणे, बहुतेक मारुतीस्तोत्रच म्हणत होतो. ती पायानं पायरी चाचपायची, "उंच हाय" म्हणायची, मग मी पाय उचलायचा. एकदा मी गुडघ्यावर आपटलो, तेव्हा ती थांबली, पण वळली नाही. मग एका वळणावर भिंत करडी दिसली, नंतर पायरी दिसली, नंतर अक्काच्या साडीचा हिरवा काठ. बाहेर येऊन ती उन्हात फतकल मारून बसली आणि हसता हसता रडली. मीही रडलो. का लपवू?

अंधारीला वळसा घालणाऱ्या उघड्या पायऱ्यांनी खाली उतरलो. अक्का तरातरा लिंबाखाली मावशींपुढं गेली. "आत्याबाई, अंधारी पार केली मी. टॉर्च बंद पडली तरी!"

मावशी तिच्याकडं बघतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "व्हय? आत काय असतं गं?"

"काय असतं म्हंजे? तुमी गेला नव्हता?"

"मी कवा गेले? त्या दिशी मी इथंच बसले व्हते, चपला राखत. मला लई भेव वाटायचं."

दाजी आ वासून आईकडं बघत राहिले. अक्काचा चेहरा लालबुंद झाला. "इतकी वर्सं मला भित्री म्हणता, अन् तुमी..." मावशींनी मान खाली घातली. "सगळे तुला हसायचे ना," त्या म्हणाल्या, "म्हंजे मला कुणी इचारायचं नाय."

मग अक्कानं डबा उघडला, पहिला धपाटा मावशींच्या हातावर ठेवला, आणि त्यांच्याजवळ सरकून एकेक वळण सांगायला लागली. मावशी लहान पोरीसारख्या "मग? मग?" करत होत्या.

कराडला निघताना टॉर्च आणि चार्जर मी अक्काच्या घरीच ठेवला, रात्री उठताना मावशींना उपयोगी पडेल म्हणून. अक्काला बजावलं, की तिन्ही सेल एकदम चार्ज करायचे, नवे-जुने मिसळायचे नाहीत, पडून राहिले असले तर लागायच्या आदल्या दिवशी पुन्हा चार्जरला लावायचे, घरात मंद उजेडच पुरे, आणि उन्हात फक्त कुरडया! परतीच्या एसटीत गुडघा ठणकत होता. प्रवासाला निघताना मला वाटलं होतं, मी बहिणीसाठी उजेड घेऊन चाललोय.

पुढं भाचीच्या लग्नाला गेलो. पंगतीत मावशी नव्या विहीणबाईंना किस्सा सांगतच होत्या. "आमची सून लई धीराची. अंधारीत बॅटरी गेली, तरी पुढं चालत ऱ्हायली. अन् भाऊ मागं, पदर धरून, वरडत!"

सगळी पंगत माझ्याकडं बघून हसली. अक्का वाढता वाढता थांबली आणि माझ्या पानात एक जिलबी जास्तीची टाकून गेली.