बाईंचा समुद्र

डायनाबाई गेल्याचं त्यांच्या शेजाऱ्यांनी फोनवर कळवलं तेव्हा मी तांदूळ धूत होते. कुकर लावला, मग बसले. त्याला आता महिना होऊन गेला.

बाई पनवेलच्या कॉलेजात मराठी शिकवायच्या. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू. भावंडं एकेक करून परदेशी गेली, बाई राहिल्या. नजर गेल्यावर त्यांना वाचून दाखवायला माणूस हवं होतं. मीही गेले; चौथी शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी. अडखळत पानभर वाचलं. बाई म्हणाल्या, "हीच पाहिजे. बाकीच्या रडतात नाहीतर नाटक करतात. ही नुसतं वाचते."

वाचायचं ते निसर्गवादी लेखकांचं. मला वाटलं, झाडाफुलांचं असेल. निघाले दारुडे, खाणी, वादळं. बाई सांगायच्या, "माणूस रक्ताने घडतो, जागेने घडतो. निसर्ग त्याच्यावर माया करत नाही, रागावतही नाही. लिहिणाऱ्याने बघायचं, निकाल द्यायचा नाही." मला ते फार कोरडं वाटायचं.

एकदा उरणहून माझी आई आली, बाईंसाठी बोईट मासे घेऊन; कोळंबी त्यांच्या धर्मात चालत नाही. मी बाईंनीच तरुणपणी लिहिलेली एक गोष्ट वाचत होते. त्यात एक कोळी बुडतो आणि दुसऱ्या दिवशी समुद्र रोजच्यासारखाच असतो. आई ऐकत होती. माझे वडील असेच गेले. त्या सकाळी दोघांचं भांडण झालं होतं आणि आई बोलून गेली होती, "जा, मर दर्यात!" तेव्हापासून ती कुणालाच वाकडं बोलली नव्हती. आम्ही पोरांनी काहीही करावं, ही गप्प.

"बाई," आईने विचारलं, "दर्या मानसाचं बोलनं आयकतो का नाय?"

"त्याला कान कुठले? होडी कशी होती?"

"जुनी."

"आणि वारा?"

"फिरला व्हता."

"मग झालं तर. शिव्यांनी माणूस मेला असता, तर आमचे प्राचार्य कधीच गेले असते."

आई हसली नाही. मग म्हणाली, "मंग नारळ कुनाला देतो आमी?"

"ते मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही देत जा."

खोटं बोलणं तेव्हा सोपं होतं. बाई खोटं बोलल्या नाहीत. म्हणून आईने आधीचंही, दर्याला कान नसल्याचं, खरं मानलं असावं.

परवा उरणला गेले. बाई गेल्याचं आईला सांगितलं. "चांगली व्हती," एवढंच म्हणाली. तेवढ्यात माझा भाऊ डबा विसरून होडीकडे निघाला. आई दारातून ओरडली, "आरं मेल्या, भाकर कोन नेनार, तुजा बाप? जा, मर उपाशी तिकडं!" भाऊ हसत मागे आला, डबा उचलून गेला. होडी खाडीबाहेर पडेपर्यंत आई दारात उभी राहून त्याला शिव्या देत होती.