उत्तरेला अडकलेला वारा

आमच्या बाळकुमच्या घरात जेवणाची सुरुवात एका प्रश्नाने व्हायची आणि शेवट एका तक्रारीने. प्रश्न बाबांचा, "वारा कंचा हाय?" तक्रारही त्यांचीच, "मीठ कमी हाय." बाबा उभं तारुण्य मिठागरावर राबले. वारा कुठून येतो यावर तेव्हा घरची चूल पेटायची. मिठागर गेलं, आमच्या जमिनीवर इमारत उभी राहिली, तिच्यात आम्हाला दुसऱ्या मजल्यावर घर मिळालं. प्रश्न मात्र सुटला नाही. बाबा गॅलरीत जायचे, वाऱ्याला गाल द्यायचे, मान हलवायचे आणि मगच ताटावर बसायचे.

मग शिमग्याच्या सुमारास ते पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, पोटात अन्न गेलं तर हे उभे राहतील, नाहीतर नाही. आणि बाबांचं अन्न वाऱ्यावर अडलेलं. त्यांच्या खोलीची खिडकी समोरच्या इमारतीच्या पाठीकडे उघडते. तिथून वारा सोडा, कावळाही येत नाही.

मी लग्नाहळदीत माईक धरणारा माणूस. नवरीच्या मामाला स्टेजवर बोलवायचं तर मी असा बोलवतो की मामाला वाटतं आपण गड जिंकून आलोय. पण पलंगावरून "वारा कंचा?" आलं की माझी बोबडी वळायची. गॅलरीत ओलं बोट वर करून उभा राहायचो. भोवती टॉवर, त्यामुळे वारा चारही भिंतींवर आपटून येतो.

"येतोय कुठूनतरी, बाबा."

"कुठूनतरी वारा येत नाय. चोर येतो."

मोबाईलवर बघून सांगितलं, तर म्हणाले, "त्याला इचार, तो कंच्या गच्चीवर बसलाय."

म्हणून मी घरगुती हवामानयंत्र आणलं. वाऱ्याने फिरणाऱ्या तीन वाट्या वेग मोजतात, माशाच्या शेपटीसारखं पातं दिशा दाखवतं, आणि घरात ठेवायच्या वहीएवढ्या पडद्यावर वेगाचा आकडा नि दिशेचा काटा दिसतो. वाट्या आणि पातं मी स्वतः गच्चीवर खांबाला आवळलं. फक्त सोबत आलेली वायर पाण्याच्या टाकीपर्यंत येऊन संपली. पडदा बाबांच्या उशाशी, टाकी सात मजले वर.

सोसायटीने इमारतीला नुकताच रंग दिलेला. सेक्रेटरी म्हणाले, "भिंतीवरून एक धागा जरी सोडलास तरी नोटीस लावीन." वायरी ज्यातून उतरतात तो डक्ट जुन्या वायरींनी इतका गच्च की त्यात झुरळालाही आडवं व्हावं लागेल. तेव्हा मला ती अफाट कल्पना सुचली. या जुन्या वायरी म्हणजे आमच्या सगळ्यांच्या मेलेल्या लँडलाइनी. गच्चीवरच्या पेटीतून प्रत्येक घरात एक उतरलेली, कुणी काढलेली नाही. यंत्राच्या वायरीचं टोकही थेट फोनच्या पिनेसारखं. आत चार तारा होत्या. फोनच्या पिनेत जागा चारांची असली तरी कामाच्या दोनच असतात, हे मला पक्कं ठाऊक. मधल्या दोन मी आमच्या लँडलाइनला जोडल्या आणि कडेच्या दोन राखीव समजून टेपने गुंडाळून ठेवल्या.

खाली येऊन बघतो तर पडद्यावर वेगाचा आकडा नाचतोय. मी बायकोसमोर कमरेत वाकून मुजरा केला आणि बाबांना जाहीर केलं, "उत्तरेचा!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा उत्तर. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलंच नाही. भिंतीकडे तोंड करून एवढंच म्हणाले, "वैशाखात उत्तरेचा कवा येत नवता. आता मना वाराबी कलत नाय."

त्यानंतर ताटं भरलेली परत येऊ लागली. मी खोलीच्या दारात नकला केल्या, हळदीतले सगळे विनोद पणाला लावले, एकदा चक्क नाचलो. ते माझ्याकडे बघायचे ते पाहुण्याकडे बघावं तसं. एका दुपारी बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात अर्धी वाटी पेज.

"अहो, आज मी पेजेत मीठच घातलं नव्हतं," ती म्हणाली. "मुद्दाम. चार घोट प्यायले. काही बोलले नाहीत."

मग मी गच्चीवर पळालो, कशासाठी ते मलाही सांगता आलं नसतं.

पातं येऊरच्या डोंगराकडे तोंड करून थरथरत होतं. पश्चिम. बायकोला फोन लावला. "पडद्यावर काय आहे?"

"उत्तर. रोज तेच तर असतं."

टेपमधल्या त्या दोन राखीव तारा माझ्यासमोरच लोंबत होत्या. वेग मधल्या दोन तारांवरून खाली जात होता. दिशा या दोन तारांवरून जायची होती, आणि मी तिचं तोंड बांधून ठेवलं होतं. तार न मिळाल्याने काटा उत्तरेला बसून राहिला, आणि बाबांना वाटलं आपलंच डोकं गेलं.

तारांची आणखी एक जोडी हवी होती. आमच्या शेजारी काकू राहतात, एकट्या. त्यांचा फोन अजून क्रोशाच्या रुमालाखाली असतो.

"काकू, तुमचा फोन बंदच आहे ना?"

"बंद नाही, गप्प आहे. ह्यांनी घेतलेला. काढायचा नाही."

"फोन राहू दे. फक्त वायर द्या."

"तिच्यावरून काय नेणार? तुझी हळदीतली बडबड?"

"वारा, काकू. बाबांसाठी."

त्यांनी रुमाल सारखा केला. "ने. पण कुरडया घालायच्या असतील तेव्हा मलाही सांगायचा, कुठला ते."

वर कडेच्या तारा काकूंच्या वायरीला जोडल्या, खाली तिचं टोक त्यांच्या दारातून बाबांच्या उशापर्यंत ओढून पडद्याला जोडलं, तेव्हा काटा हलत होता. उत्तर सोडून तो पश्चिमेला गेला, जरा मागे आला, पुन्हा गेला. मी पडदा उचलून बाबांच्या तोंडासमोर धरला. या वेळी घोषणा केली नाही, नुसतं म्हटलं, "बाबा, मी तारा चुकीच्या जोडल्या होत्या. हे बघा."

त्यांनी काट्यामागे बोट फिरवलं. मग बंद खिडकीकडे गाल वळवला.

"डोंगरावरना आयलाय," म्हणाले. "तवा उत्तरेचा कोन बोल्ला?"

"मीच."

"तुजा धंदाच बोलायचा."

बायकोने पेज आणली. या वेळी मीठ घालून, चाखून. मी चमचा भरवला. त्यांनी घोट घेतला, तोंडात फिरवला, कपाळाला आठ्या घातल्या.

"मीठ कमी हाय."

"मीठ बरोबर आहे," दारातून बायको म्हणाली आणि पदराने डोळे पुसत मिठाची बरणी आणायला वळली.